भीमाकांठचीं दोन मिनिटें

हिवाळ्याच्या रात्रीं बारामती-इंदापूरकडील मोकळ्या माळावर कॅमेरे घेऊन बसलेले हौशी तरुण हल्लीं आमच्या दृष्टीस पडतात. भिंग कोणतें घ्यावें आणि तें किती सेकंद उघडें ठेवावें, यावर त्यांचा मोठ्या आवेशानें वाद चालतो. हाच प्रश्न या मुलखाच्या शेजारीं सव्वाशें वर्षांपूर्वीं थोर थोर ज्योतिर्विदांपुढें उभा होता, याची मात्र त्यांपैकीं फारच थोड्यांस कल्पना असते.

२२ जानेवारी १८९८ रोजीं दुपारीं खग्रास सूर्यग्रहण झालें. छायेचा पट्टा विजयदुर्गाजवळ किनाऱ्यास लागून ईशान्येकडे गेला. इंदापुराहून भीमा ओलांडली म्हणजे करमाळें तालुक्यांतील जेऊर हें रेल्वेचें ठाणें लागतें. तेथें छावण्या पडल्या. एक अमेरिकेंतील लिक वेधशाळेच्या कॅम्बेल यांची. दुसरी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्रो. कावसजी दादाभाई नायगामवाला यांची. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगीनें पुण्यांत उभारलेली वेधशाळा नायगामवाला चालवीत. दिवस प्लेगचे होते, आणि खग्रास स्थिति टिकणार होती अवघीं सुमारें दोन मिनिटें. चुकलेला वेध पुन्हां घेण्याची सोय नव्हती.

कॅम्बेल यांचें एक भिंग पांच इंच व्यासाचें, पण चाळीस फूट नाभ्यंतराचें होतें. नाभ्यंतर जितकें लांब तितकें बिंब मोठें, या न्यायानें त्यांत सूर्य सवाचार इंचांहून मोठा उमटे. पण अशा कॅमेऱ्यांत बिंब दर सेकंदास इंचाचा सुमारें तिसावा भाग सरकतें. एवढें धूड सूर्यामागें फिरवावें कसें? म्हणून भिंग उंचावर स्थिर बसवून खालीं छायाचित्राची काचच घड्याळाच्या यंत्रानें सरकविण्याची युक्ति योजिली होती.

याच छायेच्या पट्ट्यांत तळणी येथें ॲनी माँडर या इंग्रज विदुषीनें अगदीं उलट मार्ग धरला. तिचें भिंग दीड इंच व्यासाचें व नऊ इंच नाभ्यंतराचें. त्यांत सूर्य इंचाच्या बाराव्या भागाएवढाच दिसावयाचा! परंतु नाभ्यंतरास व्यासानें भागिलें तर पहिल्या भिंगाचा अंक ९६ येतो व दुसऱ्याचा ६. म्हणजे हिच्या काचेवर प्रकाश अडीचशें पटींहून दाट पडला. त्यामुळें सूर्याच्या किरीटांतून लक्षावधि मैल दूर गेलेला अंधुक किरण त्या चिमुकल्या भिंगानें टिपला. बिंबालगतची बारीक ठेवण पाहावयाची तर चाळीस फूट हवेत. दूरची फिकी प्रभा पाहावयाची तर नऊ इंच पुरतात. काय पाहावयाचें हें आधीं ठरलें पाहिजे. भिंग मागाहून ठरतें.

हा हिशेब आजहि तोच आहे. कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर ठेवला, तर ५० मिलिमीटरच्या भिंगांत सुमारें दहा सेकंदांनंतर तारे लांबट होऊं लागतात. १४ मिलिमीटरच्या भिंगास तीस-पस्तीस सेकंदांची सवड मिळते. म्हणून आकाशगंगेसाठीं आंखूड नाभ्यंतराचें व मोठ्या छिद्राचें भिंग घ्यावें. बारामतीच्या दिव्यांची झांक क्षितिजावर दिसत असेल, तर सेकंद वाढवून तारे उजळत नाहींत, झांकच वाढते. अशा वेळीं उजनीच्या जलाशयाकडे अंधार शोधीत जाणें बरें.

नायगामवाला यांनीं जेऊर येथें सूर्याच्या वर्णपटाचा अभ्यास केला आणि आपला वृत्तांत १९०२ मध्यें प्रसिद्ध केला. पुढें ते निवृत्त झाले. १९१२ मध्यें वेधशाळा बंद होऊन उपकरणें कोडाईकनालला गेलीं. एका माणसाबरोबर उभी राहिलेली विद्या त्याच्याबरोबरच पुण्यांतून उठली, याची खंत आम्हांस वाटते. तो वृत्तांत मात्र राहिला. माळावरील आमच्या तरुण मित्रांस म्हणूनच एक विनंति आहे : सुंदर चित्र घरीं न्याल तेव्हां तारीख, ठिकाण, भिंग आणि सेकंद वहींत टिपून ठेवीत जा. पुढच्या पिढीस इंदापूरचें आकाश किती काळें होतें, हें त्या वहीवरूनच कळावयाचें आहे.