गोल करवतीच्या पात्याला धार लावणे

गोल करवतीच्या पात्याला धार लावणे म्हणजे यंत्रावर फिरणाऱ्या चक्राकार पात्याचे बोथट झालेले दात घासून पुन्हा तीक्ष्ण करणे होय. हे काम कमी किमतीच्या लहान यंत्रावर घरीही करता येते. सर्व दात सारखेच घासले जाणे, हे त्यातील मुख्य सूत्र आहे.

== पार्श्वभूमी ==
हातकरवतीचे पोलादी दात सुतार तिकोनी कानशीने घासतात. मराठवाड्यात बैलगाडी व शेतीच्या अवजारांसाठी वापरले जाणारे बाभळीचे लाकूड कठीण असते, तर किनवट परिसरातील वनांत आढळणाऱ्या सागाच्या लाकडात सिलिका असते. अशा लाकडांमुळे दात लवकर झिजतात. आजच्या बहुतेक गोल पात्यांच्या दातांवर टंगस्टन कार्बाइडचे तुकडे डाख देऊन बसवलेले असतात. कार्बाइडवर कानस चालत नाही. त्यासाठी हिऱ्याचे कण असलेले चाक लागते.

== यंत्राची रचना ==
यंत्रात लहान विद्युत मोटर, हिऱ्याचे चाक, पाते बसवण्याची सरकती बैठक, कोनमापक पट्टी आणि प्रत्येक दात एकाच जागी थांबवणारा खटका असतो. स्वस्त यंत्रांच्या बैठकीत व खटक्यात ढिलेपणा असू शकतो. तो आधी तपासून स्क्रू आवळावे लागतात.

== पद्धत ==
# करवतीची वीज तोडून पाते काढावे व दातांवर साचलेली राळ धुऊन काढावी.
# तडा गेलेला किंवा तुकडा निखळलेला दात आहे का, हे पाहावे.
# पहिल्या दातावर खूण करावी. दाताच्या पुढील पृष्ठभागाला शाई लावून चाक हलकेच टेकवावे. शाई सर्वत्र सारखी पुसली गेल्यास कोन बरोबर असतो. केवळ टोकाशी किंवा बुडाशी पुसली गेल्यास तो बदलावा.
# प्रत्येक दात समान दाबाने, समान वेळा आणि अगदी थोडाच घासावा.

काही दात उंच राहिले तर कापण्याचा सर्व भार त्यांच्यावरच येतो. पाते थरथरते व काप खडबडीत होतो.

== सुरक्षितता व मर्यादा ==
बोथट पात्याने लाकूड जळते आणि ते रेटण्यासाठी अधिक जोर लावावा लागतो. त्यामुळे लाकूड उलट उसळून अपघात होऊ शकतो. म्हणून वेळेवर धार लावणे हा सुरक्षिततेचाही भाग आहे. मात्र तडा गेलेले किंवा वाकलेले पाते धार लावून वापरू नये. कार्बाइडच्या भुकटीत कोबाल्ट असते व ती फुफ्फुसांना अपायकारक असते. त्यामुळे चष्म्याबरोबर योग्य मुखपट्टी वापरणे आवश्यक असते. धार लावलेले पाते प्रथम लाकडाविना चालवून पाहावे आणि त्या वेळी पात्याच्या रेषेत उभे राहू नये.