‘डिप्रेस्ड’ ते ‘शेड्यूल्ड’ : एका शब्दाचा इतिहास

इंग्रजीतील ‘डिप्रेस्ड’ हा शब्द ‘दाबणे’ या क्रियापदापासून बनलेले कर्मणी रूप होय. जो दाबला गेला तो ‘डिप्रेस्ड’. दाबणारा कोण, हे सांगण्याचे बंधन हा शब्द घालत नाही. कर्ता पडद्याआड राहतो. केवळ अवस्था उरते. ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या संज्ञेचा विचार करताना प्रथम हे ध्यानी घेतले पाहिजे.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही संज्ञा सरकारदरबारी व सुधारकांच्या संस्थांत रूढ झाली. १९०६ साली महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत स्थापिलेल्या ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’च्या मराठी नावात ‘निराश्रित’ हा शब्द होता. निराश्रिताला आश्रय द्यावयाचा असतो. १९२४ साली बाबासाहेबांनी स्थापन केलेली सभा मात्र ‘बहिष्कृत हितकारिणी’ होती. बहिष्कृत म्हटले की बहिष्कार घालणारा आपोआप समोर येतो.

इंग्रजी संज्ञेविषयीही बाबासाहेब दक्ष होते. गोलमेज परिषदेत नोव्हेंबर १९३१ मध्ये त्यांनी व रावबहादूर श्रीनिवासन यांनी सादर केलेल्या पुरवणी निवेदनात नाव बदलण्याची स्वतंत्र मागणी होती. १९३२ साली लोथियन समितीपुढेही त्यांनी या संज्ञेवर आक्षेप घेतला. तिच्यामुळे अस्पृश्य नसलेलेही त्यात गणले जाऊन घोटाळा होतो आणि हा समाज हीन व असहाय आहे असा ग्रह होतो, हे त्यांनी दाखवून दिले.

१९३५ च्या कायद्याने ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ ही संज्ञा आणली. ‘शेड्यूल’ म्हणजे यादी, अनुसूची. या शब्दात दया नाही, हीनताही नाही. आहे ती नोंद आणि नोंदीतून येणारा हक्क. परंतु यादी जशी समाविष्ट करते, तशी वगळतेही. १९५० च्या आदेशातील धर्माच्या अटीमुळे १९५६ साली धम्मदीक्षा घेणारे या नोंदीबाहेर गेले. १९९० च्या दुरुस्तीने त्या आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द आला, तोवर चौतीस वर्षे उलटली होती.

एका शब्दाच्या अभावी दोन पिढ्यांनी किंमत मोजली. म्हणून आपल्याला कोणी कोणत्या नावाने संबोधिले, एवढे पाहून भागत नाही. त्या नावात कर्ता लपला आहे काय आणि हक्क नोंदला आहे काय, हे आपणच तपासले पाहिजे.