शिंदखेडा परिसरातील शिकारी पक्षी : घराजवळची ओळख

शिंदखेडा (जि. धुळे) तालुक्यात तापी, पांझरा व बुराई यांचे काठ, कापूस-बाजरीची शेते आणि निंब-बाभळीची झाडे यांमुळे उंदीर, सरडे, टोळ असे भक्ष्य मुबलक असते. त्यामागे शिकारी पक्षी गावापर्यंत येतात. बाकदार चोच व तीक्ष्ण नख्या ही त्यांची समान लक्षणे. वयानुसार व नर-मादीनुसार रंग बदलत असल्याने आधी शेपूट, उडण्याची ढब व बसण्याची जागा पाहावी, रंग त्यानंतर.

घार : सुमारे ६० सेंमी. लांब, तपकिरी. दुबेळकी शेपूट ही पक्की खूण. बाजारपेठ, उकिरडा व मटणाच्या दुकानांवर घिरट्या घालते.

शिक्रा : कबुतराएवढा. अंगणातल्या झाडातून सुसाट झेपावतो, तेव्हा चिमण्या व खारी एकच कलकलाट करतात. प्रौढ नराची पाठ राखी, डोळे लाल व छातीवर तांबूस आडव्या रेषा. मादी आकाराने मोठी. पिल्लाच्या छातीवर मात्र उभे तपकिरी ठिपके असतात.

कापशी : पांढरी-राखाडी, खांदे काळे, डोळे लाल. विजेच्या तारेवर बसून शेपूट वरखाली हलवते. शेतावर एकाच जागी पंख फडफडवत थांबते आणि उंदरावर उतरते.

खरूची : हिवाळी पाहुणी. तीही हवेत अशीच थांबते. पण पाठ विटकरी, पंख टोकदार.

तीसा : गळा पांढरा, त्यावर मधोमध काळी उभी रेघ, डोळे पांढुरके. खांबावर किंवा वठलेल्या झाडावर तासन्‌तास बसतो.

घुबडे : पिंगळा बुटका, ठिपकेदार असून झाडाच्या ढोलीत राहतो व दिवसाही दिसतो. गव्हाणी घुबडाचा चेहरा बदामाच्या आकाराचा, पांढरा असतो. पडक्या वाड्यांत व गोदामांत ते वस्ती करते.

फसवे साम्य : पावशा उडताना थेट शिक्र्यासारखा दिसतो. मात्र त्याची चोच बाकदार नसते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर चढत जाणारी ‘पेर्ते व्हा’ ही साद त्याला उघडे पाडते.

संरक्षण : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार या पक्ष्यांना पकडणे, पाळणे वा मारणे गुन्हा आहे. विष खाऊन मेलेले उंदीर घुबड-कापशीच्या पोटात गेल्यास त्यांनाही विषबाधा होते. असे उंदीर उघड्यावर न टाकता पुरावेत. जखमी पक्षी आढळल्यास त्याला काही भरवू नये. हवेशीर खोक्यात ठेवून वनविभागाला कळवावे.