परवाना कोणाच्या नावावर? शाळेतील संगणकाच्या चाळीस वर्षांची एक दुर्लक्षित बाजू

१/ जिल्हा परिषद शाळेतील गुरुजींची बदली होते. निरोपसमारंभ होतो. कपाटाच्या किल्ल्या, हजेरीपत्रके, डेडस्टॉक रजिस्टर असा सारा चार्ज नव्या गुरुजींकडे येतो. रजिस्टरात ‘टॅब, नग १०’ अशी नोंद असते. मात्र त्या टॅबवर विकत घेतलेले ॲप जुन्या गुरुजींच्या वैयक्तिक खात्याशी बांधलेले असेल, तर ते चार्जमध्ये येत नाही. वस्तू शाळेची आणि तिच्यातील विद्या व्यक्तीची, ही स्थिती कशी निर्माण झाली? आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ ‘परवाना’ हा फारसीतून आपल्याकडे आलेला शब्द. मराठेशाहीत मालाच्या वाहतुकीसाठी दस्तक मिळे. ते चौकीवर दाखवले की माल पुढे जाई. दस्तक म्हणजे माल नव्हे, तो नेण्याची मुभा. सॉफ्टवेअरच्या परवान्याचे तत्त्व नेमके हेच आहे. आपण प्रणाली विकत घेत नाही. ती वापरण्याची मुभा विकत घेतो. मुभेबरोबर प्रश्न येतो तो नावाचा. ती व्यक्तीला आहे, यंत्राला आहे की संस्थेला? पुढचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

३/ १९८४ मध्ये केंद्र शासनाने ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला आणि देशातील निवडक माध्यमिक शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ संगणक पोहोचले. या यंत्राची एक गंमत होती. त्याचे शब्दलेखनाचे प्रोग्रॅम रॉम चिपच्या रूपातही विकले जात. झाकण उघडायचे, खोबणीत चिप बसवायची, झाले. परवाना म्हणजे बोटांनी उचलता येणारी वस्तू. एक चिप एकाच यंत्रात बसते, त्यामुळे वाद नाही. डेडस्टॉक रजिस्टरात नोंदवता येईल असे सॉफ्टवेअर कदाचित एवढेच!

४/ मराठीची कथा अधिक रंजक आहे. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले भारतीय लिपींचे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) बहरले आणि ‘जिस्ट’ कार्ड आले. संगणकात हे कार्ड बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. पुढे विंडोज आले आणि कार्डाची जागा ‘लॉक’ने, म्हणजे डोंगलने घेतली. सी-डॅकचे ‘आयएसएम’, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्रीलिपी’ अशा प्रणालींबरोबर हे लॉक मिळे. प्रिंटरच्या पोर्टला, नंतर यूएसबीला ते लावायचे. लॉक आहे तिथे मराठी आहे. तालुक्याच्या गावातील डीटीपी चालकाच्या लेखी ते तिजोरीच्या किल्लीइतकेच मोलाचे.

५/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे असे स्थळ येते. त्या काळातील बहुतेक फॉन्टची संकेतरचना ज्याची त्याची होती. ‘क’ हे अक्षर एका फॉन्टमध्ये एका क्रमांकावर, दुसऱ्यात भलत्याच. फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली आणि तो फॉन्ट तिथे नसला, तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक खच दिसे. म्हणजे परवाना प्रणालीपुरता राहिला नाही. मजकूर वाचता येणेही त्यावर अवलंबून राहिले.

६/ पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराचा मोडी कागद आज कोणीही वाचू शकतो. अट एकच, मोडी शिकावी लागते. मोडीला लॉक नाही. याउलट १९९८ साली टंकलेल्या ग्रामसभेच्या ठरावाची फ्लॉपी समोर ठेवली, तर फ्लॉपी वाचणारे यंत्र, तो फॉन्ट किंवा त्याचे रूपांतरक, आणि मूळ प्रणालीच हवी असेल तर तिचे लॉकही लागेल. दोनशे वर्षांपूर्वीचा कागद जवळचा आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा दूरचा, असा हा उलटा न्याय आहे. माझ्या मते नव्वदच्या दशकाचा स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याला हीच अडचण सर्वाधिक भेडसावणार आहे.

७/ यातून सुटका झाली ती युनिकोडमुळे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती आणि तिची मांडणी भारताच्या ‘इस्की’ या संकेतावर बेतलेली होती. विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर ‘मंगल’ फॉन्ट यंत्रातच मिळू लागला. पुढे राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ व ‘यशोवेणू’ हे फॉन्ट मुक्त परवान्याने दिले. लिपीवरचे लॉक निघाले, प्रणालींवरचे राहिले.

८/ आता कायद्याकडे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमचा समावेश १९८४ च्या दुरुस्तीने झाला. १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ ब आले: बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. मात्र वापर नफ्यासाठी वा व्यवसायात नसेल, तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर थांबू शकते. जुळवणी केलेल्या संगणकात दुकानदाराने ‘सगळे टाकून’ देण्याच्या त्या दिवसांत हे कलम किती जणांनी वाचले असेल, याची कल्पना करावी.

९/ शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ, अशा दोन औद्योगिक वसाहती आहेत. एखाद्या कारखान्याने जुने संगणक शेजारच्या शाळेला दिले, असे समजा. यंत्राबरोबर विकत आलेला विंडोजचा परवाना यंत्राला चिकटलेला असतो, तो शाळेकडे येतो. कंपनीने घाऊक करारातून घेतलेले ऑफिस मात्र कंपनीचेच राहते. दान पूर्ण, परवाना अर्धा!

१०/ घाऊक परवान्याचेही गणित पाहण्यासारखे आहे. २००७ च्या विंडोज व्हिस्टाबरोबर ‘केएमएस’ पद्धत आली. संस्थेने स्वतःचा सर्व्हर ठेवायचा, प्रत्येक संगणकाने किमान दर १८० दिवसांनी त्याच्याकडे हजेरी लावायची. हे सुरू होण्यासाठी किमान २५ संगणक हवेत. दहा संगणकांच्या ग्रामीण शाळेला हे दार बंद. तिला दुसऱ्या प्रकारची किल्ली घ्यावी लागे. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणती शाळा होती, ते यातून कळते.

११/ २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर उघडले. त्याची मूळ कल्पना एक माणूस, एक खाते अशी होती. शाळांसाठी २०१० मध्ये घाऊक खरेदी आली, पण ती कूपनांच्या रूपात. कूपन वापरले की ॲप कायमचे त्या खात्याचे. मुलगा शाळा सोडून गेला की ॲपही गेले. २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर बदल झाला: परवाना संस्थेकडे राहील, दिलेला परत घेता येईल. २०१५ पासून खात्याविना थेट यंत्राला ॲप देता येऊ लागले. तीस वर्षांनी आपण पुन्हा ‘एक चिप, एक यंत्र’ येथे पोहोचलो, फक्त चिप अदृश्य झाली.

१२/ मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये संस्थांसाठी वेगळे स्टोअर काढले. तेथे ‘ऑनलाइन’ आणि ‘ऑफलाइन’ असे दोन परवाने असत. दुसऱ्यात ॲपची फाइल एकदा उतरवून संस्थेने ती आपल्या यंत्रांवर स्वतः वाटायची, प्रत्येक यंत्राने स्टोअरशी बोलण्याची गरज नाही. वीज आणि रेंज यांचा भरवसा नसलेल्या वाडीसाठी हीच सोयीची वाट. पुढे ते स्टोअरच बंद करण्यात आले.

१३/ याच सुमारास, जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि लोकवर्गणीतून शाळा डिजिटल करण्याची लाट उसळली. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा गावाच्या सहभागामुळे आणि टॅबच्या वापरामुळे राज्यभर चर्चेत आली. लोकवर्गणीचे मोल वादातीत आहे. पण वर्गणीतून टॅब येतो. ‘हा टॅब कोणत्या संस्थेच्या खात्यावर नोंदवायचा’ हा प्रश्न वर्गणीच्या पावतीवर नसतो. अँड्रॉइड टॅब पूर्णपणे संस्थेच्या नियंत्रणात आणायचा, तर ती जोडणी टॅब अगदी कोरा असतानाच करावी लागते. एकदा कोणाचे तरी खाते घालून तो सुरू केला, की सारे पुसून पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या पोस्टमधील गुरुजी अडकतात ते येथे.

१४/ या कोंडीतून निघण्याची निराळी वाट ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ने दाखवली. तेथील साहित्य मुक्त परवान्याखाली असते आणि उतरवून इंटरनेटशिवाय पाहता येते. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड तिकडेच नेतात. परवाना मोजायचाच नाही, मग तो कोणाच्या नावावर हा प्रश्नही उरत नाही.

१५/ शेवटी एक विनंती. शिरूर, दौंड किंवा आसपासच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, जुन्या डीटीपी केंद्रात एखादे लॉक, रॉम चिप, सीडीवरील परवान्याचा कागद वा खरेदीची पावती सापडली, तर ती फेकू नका. सोबत एका चिठ्ठीवर फॉन्टचे आणि प्रणालीचे नाव व साल लिहून ठेवा. आणि त्या लॉकवर चालणारा संगणक अजून सुरू होत असेल, तर आधी फायली युनिकोडमध्ये काढून घ्या. छायाचित्रे खाली प्रतिसादात टाकलीत, तर पुढचा थ्रेड त्यांवरच करू.