ईबरीची वारसदार

मेफेअर, बेलग्रेव्हिया आणि पिमलिको ही लंडनच्या पश्चिम भागातील नावे आज जमिनीच्या अफाट किमतींसाठी ओळखली जातात. सतराव्या शतकात तिथे कुरणे होती, भाजीचे मळे होते आणि टेम्सच्या बाजूला पाणथळ रान होते. वेस्टमिन्स्टर शहराला लागून असलेली ही सुमारे पाचशे एकर जमीन ‘ईबरीची मॅनर’ या जुन्या जमीनदारीचा भाग होती. 1665 च्या जुलैत ती सहा महिन्यांच्या एका मुलीच्या मालकीची झाली. तिचे नाव मेरी डेव्हिस. मेरीला जमीन कशी मिळाली आणि पुढे त्या जमिनीमुळे तिच्या आयुष्याचे काय झाले, हे पाहिले की त्या काळच्या इंग्लंडमध्ये वारसदार मुलीला नेमके काय लाभत असे ते कळते. मालकी तिच्या नावावर असे. वहिवाट मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याची असे.

इंग्लंडमध्ये सरदारांच्या खालोखाल जमीनदारांचा मोठा वर्ग होता. त्याला जेंट्री म्हणत. गावचे स्क्वायर, नाइट आणि 1611 पासून बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळवलेली घराणी, सगळी यात मोडत. या वर्गाची सारी प्रतिष्ठा शेतजमिनीच्या खंडावर उभी होती, म्हणून जमिनीचे तुकडे होऊ न देण्याकडे त्यांचा कटाक्ष असे. थोरल्या मुलाला सर्व जमीन मिळे, धाकट्यांना थोडी रक्कम किंवा एखादा व्यवसाय, आणि मुलींना लग्नात रोख हुंडा. मुलगा नसेल तर मात्र सर्व मुलींना जमीन सारखी वाटून मिळे आणि मुलगी एकटीच असेल तर सगळी तिची होई. म्हणजे वारसदार मुलगी घडे ती घरातल्या मुलग्यांच्या मृत्यूमुळे किंवा ते जन्मलेच नाहीत म्हणून. कोणी ठरवून तिला वारस केलेले नसे. प्लेग, देवी आणि यादवी युद्ध यांनी गाजलेल्या त्या शतकात असे प्रसंग वारंवार येत.

मेरीच्या जमिनीमागे ह्यू ऑडली नावाचा सावकार होता. तो कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स या सरकारी कचेरीत अधिकारी होता. बाप वारला आणि वारस अज्ञान असला, तर ठरावीक प्रकारच्या जमिनींच्या बाबतीत त्या मुलाचे पालकत्व राजाकडे जाई. राजा ते विकत असे. पालकत्व विकत घेणारा मुलाचे लग्न ठरवण्याचा हक्कही विकत घेत असे, आणि त्यात भरपूर नफा होता. अशा कचेरीत बसलेल्या माणसाला कोणते घराणे कर्जात आहे आणि कोणती जमीन विकायला निघणार आहे, हे सगळ्यांच्या आधी कळणार, यात नवल नाही. 1626 मध्ये ऑडलीने ईबरीची मॅनर 9,400 पौंडांना घेतली. विकणारा होता लायनेल क्रॅनफील्ड, महाभियोगात खजिनदारीचे पद गमावलेला सरदार. 1662 मध्ये ऑडली वारला, तेव्हा त्याच्या श्रीमंत होण्याच्या युक्त्या सांगणारे एक चोपडे लगोलग बाजारात आले. रोजनिशीकार सॅम्युअल पेपीसनेही त्याच्या मृत्यूची नोंद केली आहे.

ऑडलीने लग्न केले नव्हते. ईबरीची जमीन आली अलेक्झांडर डेव्हिस या त्याच्या बहिणीच्या वंशातील तरुणाकडे. अलेक्झांडर स्क्रिव्हनर होता, म्हणजे दस्तऐवज लिहून देणारा आणि कर्जाच्या व्यवहारात मध्यस्थी करणारा. तो जन्माने जेंट्रीतला नव्हता. पण पाचशे एकर हाती असल्यावर जन्माची चौकशी फारशी कडक राहत नाही. त्याने टेम्सच्या काठी मिलबँक येथे मोठे घर बांधायला काढले आणि त्यापायी कर्ज केले. घर पुरे होण्याआधी लंडनमध्ये मोठा प्लेग आला आणि जुलै 1665 मध्ये, वयाची तिशीही नीट न गाठलेला अलेक्झांडर त्यात गेला. मागे तरुण बायको, जानेवारीत जन्मलेली मेरी आणि देणी राहिली.

त्याच उन्हाळ्यात लंडनकरांच्या तोंडी दुसऱ्या एका वारसदार मुलीचे नाव होते. एलिझाबेथ मॅलेट ही सॉमरसेट परगण्यातील एन्मोरच्या जमीनदाराची मुलगी. तिचे उत्पन्न वर्षाला अडीच हजार पौंड असल्याची बोलवा होती. मे महिन्यात राजवाड्यातले जेवण आटोपून ती आजोबांबरोबर बग्गीने घरी निघाली असता चेरिंग क्रॉसला हत्यारबंद माणसांनी बग्गी अडवली, तिला उचलून सहा घोड्यांच्या दुसऱ्या बग्गीत घातले आणि शहराबाहेर नेले. हे करवणारा होता अठरा वर्षांचा रॉचेस्टरचा अर्ल, पुढे कवी म्हणून गाजलेला. राजाने त्याला टॉवरच्या तुरुंगात टाकले आणि मुलगी घरी परत आली. पुढे दीड वर्षाहून अधिक काळ अनेक स्थळे तिच्याभोवती घिरट्या घालत राहिली. ती त्यांच्याविषयी काय काय टोमणे मारते, तेही पेपीसने टिपून ठेवले आहे. जानेवारी 1667 मध्ये तिने घरच्यांना न जुमानता लग्न केले ते याच रॉचेस्टरशी.

वारसदार मुलगी पळवणे हा 1487 च्या कायद्याने गंभीर गुन्हा होता. तरीही तो होत राहिला, कारण एकदा लग्न लागले की ते मोडणे फार अवघड असे. 1690 मध्ये मेरी व्हार्टन या तेरा वर्षांच्या मुलीला कॅप्टन जेम्स कॅम्पबेलने लंडनमधून पळवून तिच्याशी जबरदस्तीने लग्न लावले. ते लग्न रद्द करण्यासाठी पार्लमेंटला खास कायदा करावा लागला. कॅम्पबेल सुटला. त्याला मदत करणारा सर जॉन जॉन्स्टन मात्र टायबर्नला फासावर गेला.

मेरी डेव्हिसला कोणी पळवले नाही. तिचा व्यवहार घरच्यांनीच केला. कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स 1646 मध्ये बंद पडले होते आणि 1660 च्या कायद्याने ते कायमचे मिटले, तेव्हा पालकत्व विकायला आता राजा नव्हता. आईने लवकरच जॉन ट्रेगनवेल या डॉर्सेटच्या जमीनदाराशी दुसरे लग्न केले आणि मुलीचे भवितव्य आई व सावत्र बाप यांच्या हाती आले. ऑडलीने ज्या धंद्यावर पैसा केला, तोच धंदा त्याच्या वारसाच्या बाबतीत आता घरातल्या घरात सुरू झाला, असे म्हणायला हरकत नाही. 1672 मध्ये मेरी सात वर्षांची असताना लॉर्ड बर्कली यांच्या दहा वर्षांच्या मुलाशी तिचे लग्न ठरले. बर्कलींनी 5,000 पौंड रोख मोजले. कराराप्रमाणे आणखी जमीन लावून देणे मात्र त्यांना जमले नाही आणि सौदा फिसकटला. तोवर ट्रेगनवेल यांच्याकडे परत करायला पैसे उरले नव्हते. साहजिकच नवा नवरदेव असा हवा होता, जो बर्कलींचे पैसेही फेडील.

तो मिळाला चेशरमध्ये. चेस्टरजवळच्या ईटन येथील सर थॉमस ग्रोव्हनर हा तिसरा बॅरोनेट. घराणे जुने, बाप द्वंद्वयुद्धात मेलेला, वेल्सच्या सरहद्दीवर खाणींचे उत्पन्न आणि ईटनला नव्या वाड्याचे काम चालू. 10 ऑक्टोबर 1677 रोजी लंडनच्या सेंट क्लेमेंट डेन्स चर्चमध्ये लग्न लागले. मेरीचे आजोबा रिचर्ड ड्यूकसन तिथे धर्मगुरू होते. नवरा एकवीस वर्षांचा, नवरी बारा वर्षे नऊ महिन्यांची. चर्चच्या कायद्याप्रमाणे मुलीला बाराव्या आणि मुलाला चौदाव्या वर्षी लग्न करता येई. त्याआधीचे ठरलेले लग्न त्या वयाला मोडताही येई. सात ते बारा या वर्षांत घरचे लोक सौद्याची घासाघीस करत आणि बारावे लागताच घाईने चर्च गाठत, त्याचे कारण हेच. ही वयोमर्यादा इंग्लंडमध्ये थेट 1929 पर्यंत टिकली. भारतात शारदा कायदा झाला तोही त्याच वर्षी, आणि बालविवाहावरून हिंदुस्थानला उपदेश करणाऱ्या साहेबाच्या घरचा कायदा तोवर काय होता, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवायला हवे. एवढे मात्र खरे की जेंट्रीतही इतक्या लहान वयातली लग्ने सर्रास होत नसत. ती प्रामुख्याने वारसदारांच्या वाट्याला येत. सामान्य इंग्रज मुलीचे लग्न विशी उलटून बरीच वर्षे गेल्यावर होई. मेरीसुद्धा लग्नानंतर काही वर्षे मावशीकडे राहिली आणि नंतर नवऱ्याच्या घरी गेली.

लग्न लागताच कायद्याच्या दृष्टीने बायकोचे वेगळे अस्तित्व संपे. तिचे पैसे, दागिने, जनावरे, अंगावरचे कपडेसुद्धा नवऱ्याचे होत. जमिनीचे थोडे निराळे होते. मालकी तिचीच राही, पण खंड नवरा घेई आणि भाडेपट्टेही तोच करी. जमीन विकायची तर बायकोची संमती लागे. न्यायाधीश तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन ‘तुझ्यावर दडपण तर नाही ना’ असे विचारत. त्या प्रश्नाचे उत्तर देऊन तिला संध्याकाळी त्याच नवऱ्याच्या घरी जायचे असे, तेव्हा या संरक्षणाचे मोल फार धरता येत नाही. एखादे मूल जिवंत जन्मले तर बायको मेल्यावरही तिची जमीन नवऱ्याला हयातभर उपभोगता येई. यावर उपाय होता लग्नाआधीच्या करारनाम्याचा. त्यात विश्वस्तांच्या नावे जमीन लावून बायकोला हातखर्च आणि विधवापणी ठरावीक वार्षिक उत्पन्न लिहून देत. म्हणून लग्नाच्या बोलण्यात वधूवरांपेक्षा वकिलांचा वेळ जास्त जाई.

मेरीची सगळी जमीन लग्नाच्या वेळी हातात आलेलीही नव्हती. विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातभर मिळे. मेरीची आई 1717 पर्यंत जगली. म्हणून ग्रोव्हनर घराण्याने हे लग्न केले ते चालू उत्पन्नापेक्षा शहर कधीतरी पश्चिमेला वाढेल या हिशोबावर. हिशोब चुकला नाही, पण फळ यायला जवळजवळ अर्धे शतक लागले.

चेशरमधल्या अशा बाईचा दिवस रिकामा नसे. जमीनदाराच्या घराचा कारभार म्हणजे डझनावारी नोकर, दुभते, बिअर गाळणे, खारवलेले मांस, तागाच्या कापडांची मोजदाद आणि आजारी पडलेल्या कुळांना औषधपाणी. घरोघरी बायकांनी लिहिलेल्या वह्यांत मुरंब्याच्या कृतीशेजारी खोकल्याचा काढा सापडतो. नवरा पार्लमेंटसाठी लंडनला गेला की खंडाचे हिशेबही तिच्याकडे येत. सर थॉमस चेस्टरमधून अनेकदा निवडून गेला आणि 1684 मध्ये तिथला महापौरही झाला. मेरीला झालेल्या मुलांपैकी रिचर्ड, थॉमस आणि रॉबर्ट हे तीन मुलगे वाढले आणि ॲन ही मुलगी. सर थॉमस 1700 च्या उन्हाळ्यात वारला आणि ॲन जन्मली ती बाप गेल्यावर.

तोपर्यंत मेरीच्या वागण्यात मानसिक आजाराची लक्षणे दिसू लागली होती आणि ती कॅथलिक धर्माकडे वळली होती. 1688 मध्ये कॅथलिक राजाला पदच्युत केल्यानंतरच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे म्हणजे राजद्रोहाचा संशय ओढवून घेणे. वैधव्य ही खरे तर वारसदार बाईच्या आयुष्यातली सर्वांत मोकळी अवस्था. नवरा गेला की जमीन, खंड, सही सगळे तिच्याकडे परत येई. अनेक विधवांनी हा काळ खंबीरपणे वापरला, कज्जे जिंकले, इस्टेटी वाढवल्या. मेरीच्या बाबतीत हीच मोकळीक तिच्यावर उलटली.

तिच्या घरात लोडोविक फेनविक नावाचा बेनेडिक्टाइन पाद्री होता. 1701 मध्ये ती पॅरिसला गेली असता जून महिन्यात एका हॉटेलात या पाद्र्याने तिचे लग्न स्वतःच्या भावाशी, एडवर्ड फेनविकशी लावले, असा दावा एडवर्डने केला. मेरी म्हणत होती की असे लग्न झालेच नाही, आपल्याला गुंगीची औषधे दिली होती. लग्न खरे ठरले असते तर ईबरीचा सगळा खंड एडवर्डच्या खिशात गेला असता. त्याने कुळांकडे हक्क सांगायलाही सुरुवात केली. मुलांचे पालक असलेले चेशरचे जमीनदार कोर्टात उभे राहिले. ईबरीचा ताबा जाणार की राहणार, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. चार वर्षांच्या भांडणानंतर 1705 मध्ये धर्मविषयक अपिलांच्या कोर्ट ऑफ डेलिगेट्‌सने ते लग्न रद्दबातल ठरवले. त्याच वर्षी चौकशी होऊन मेरीला वेडी ठरवण्यात आले आणि तिची देखरेख फ्रान्सिस चमली या पालकाकडे सोपवली गेली. फेनविकच्या तावडीतून जमीन सुटली, आणि त्याबरोबर मेरीचा तिच्यावरचा उरलासुरला अधिकारही गेला. ती त्यानंतर पंचवीस वर्षे जगली.

या काळात तिच्या नावाने निर्णय इतर घेत होते. 1711 मध्ये पार्लमेंटच्या खासगी कायद्याने घरबांधणीसाठी लांब मुदतीचे भाडेपट्टे देण्याची परवानगी मिळाली. थोरला मुलगा सर रिचर्ड याने 1720 पासून उत्तरेकडच्या शंभर एकरांत रस्ते आखायला घेतले. 1725 च्या सुमारास ग्रोव्हनर स्क्वेअर उभा राहू लागला. जमीन विकायची नाही, फक्त पट्ट्याने द्यायची आणि मुदत संपली की इमारतीसकट परत घ्यायची, ही पद्धत ग्रोव्हनरांनी पुढेही ठेवली. मेरी जानेवारी 1730 मध्ये वारली. तिला ईटनजवळच्या एकल्स्टनला पुरले. दक्षिणेकडच्या ओलसर चारशे एकरांत बेलग्रेव्हिया वसवायला थॉमस क्युबिटने 1820 च्या दशकात सुरुवात केली आणि 1874 मध्ये मेरीच्या वंशजाला ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर हा किताब मिळाला. मेफेअरमध्ये आज डेव्हिस स्ट्रीट आहे, आणि ऑडली सावकाराच्या नावाचे दोन रस्ते आहेत.