मेंदूप्रतिमाधारित प्रतिसाद-चिकित्सा

मनोरुग्णाच्या मेंदूतील एखाद्या नियत भागाचे कार्य त्याला तत्क्षणी पडद्यावर दाखवून ते स्वप्रयत्नाने कमीअधिक करण्यास शिकविणारी प्रायोगिक उपचारपद्धती. विद्युत्-आलेखावर आधारलेली प्रतिसादपद्धती १९६० च्या दशकापासून ज्ञात असली, तरी मेंदूच्या खोल भागांचे कार्य त्या आलेखात स्पष्ट उमटत नसल्याने, सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये रक्तातील ऑक्सिजनच्या प्रमाणानुसार बदलणारा चुंबकीय संकेत दाखवून दिल्यावर आणि १९९५ मध्ये रॉबर्ट कॉक्स व सहकाऱ्यांनी त्याचे तात्काळ विश्लेषण साधल्यावरच प्रस्तुत पद्धतीचा मार्ग खुला झाला. रुग्ण एमआरआय यंत्रात पडून नियत भागाचे कार्य दर्शविणाऱ्या, पडद्यावरील स्तंभाची उंची पाहतो. मात्र रक्तप्रवाह चेतापेशींच्या कार्यामागून बदलत असल्याने स्तंभ काही सेकंदांपूर्वीची स्थिती दाखवितो, हे त्यास आधी समजावून द्यावे लागते.

विषाद : ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथील लॉरिएट संस्थेत किंबर्ली यंग, येर्झी बोदुर्का प्रभृतींनी केलेला व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग विशेष उल्लेखनीय होय. औषधे न घेणाऱ्या ३६ रुग्णांपैकी १९ जणांना आयुष्यातील सुखद प्रसंग आठवून मेंदूतील भावनांशी निगडित अशा डाव्या अमिग्डालाचे कार्य वाढविण्याचे शिक्षण देण्यात आले, तर उर्वरित १७ जणांना, त्यांच्या नकळत, भावनांशी संबंध नसलेल्या पार्श्विक खंडातील एका भागाचा स्तंभ दाखविण्यात आला. पहिल्या गटातील १२ जणांची लक्षणे निम्म्याहून अधिक उतरली व त्यांपैकी ६ जण रोगमुक्तीच्या निकषास उतरले. दुसऱ्या गटात हे आकडे अनुक्रमे २ व १ होते. अशा तुलनागटावाचून केलेल्या प्रयोगांतील सुधारणा, मग ती कितीही डोळ्यांत भरो, नियत भागाच्या शिक्षणाने झाली की भव्य यंत्र, आस्थेवाईक चिकित्सक व रुग्णाची आशा यांच्या योगाने झाली, याचा निर्णय होऊ शकत नाही. म्हणून तुलनागट हाच या क्षेत्रातील खरा पुरावा मानला पाहिजे. कार्डिफ येथे डेव्हिड लिंडेन प्रभृतींच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात भावनांशी निगडित भागांचे शिक्षण घेणारा गट व दृश्यस्थळांना प्रतिसाद देणाऱ्या भागाचे शिक्षण घेणारा गट, या दोहोंचीही लक्षणे सरासरी ४३ टक्क्यांनी उतरली. स्वनियमनाचा अनुभवच गुणकारी असावा, असे अनुमान यावरून काहींनी काढले आहे.

अवधानन्यूनता व अतिचंचलता : लंडन येथे ८८ मुलांवर केलेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या पद्धतीचा खोट्या प्रतिसादापेक्षा अधिक लाभ आढळला नाही.

छिन्नमनस्कता व व्यसनासक्ती : यांबाबत अल्पसंख्य रुग्णांवरील प्रारंभिक अभ्यास झाले आहेत.