पंतुलूंचें घर

तेलुगू भाषेंत शाळेला 'बडि' म्हणतात आणि गुरुजींना 'पंतुलु'. मराठी 'पंतोजी'ची सहज आठवण व्हावी असाच हा शब्द. 'बडि पंतुलु' हा बोलपट पी. चंद्रशेखर रेड्डी यांनीं १९७२ सालीं दिग्दर्शित केला. त्यांत गुरुजींची भूमिका एन. टी. रामाराव यांची व त्यांच्या पत्नीची अंजलीदेवी यांची होती. पडद्यावर राम-कृष्ण होऊन लोकांचे नमस्कार घेणाऱ्या या नटानें येथें एका गरीब शिक्षकाचें म्हातारपण पत्करलें.

कथा मात्र नवी नव्हती. बी. आर. पंतुलु यांनीं १९५८ सालीं 'स्कूल मास्टर' या कानडी बोलपटांत ती सांगितली होती आणि शिक्षकाचें कामही स्वतःच केलें होतें. त्याच्याही आधीं, १९५४ सालीं, राजा परांजपे यांच्या 'ऊन पाऊस' या मराठी बोलपटानें वृद्ध मास्तरांची व त्यांच्या पत्नीची ताटातूट दाखविली होती.

तिन्ही भाषांत दुःख एकच. दुसऱ्यांचीं मुलें घडविण्यांत ज्याचें आयुष्य सरलें, त्याचीच मुलें आईबापांची वांटणी करतात; पिता एकाकडे, माता दुसऱ्याकडे. तेलुगू कथेंत हातचें गेलेलें घर अखेर परत मिळतें, तें एका जुन्या विद्यार्थ्याकडून. तेथें प्रेक्षकांचे डोळे भरून येतात. परंतु या सुखान्तांतच समाजावरील ठपका आहे. ज्या गुरुजींना असा शिष्य लाभला नाहीं, त्यांनीं कोणाच्या दारीं जावें? तुटपुंज्या वेतनावर राबलेल्या शिक्षकाचें म्हातारपण एखाद्या शिष्याच्या कृतज्ञतेवर सोंपवून समाजाला मोकळें होतां येत नाहीं.